जुन्या कारखान्याची धूळ

घर भाड्याने घ्यायचे झाले तरी आपण किती चौकशी करतो! नळाला पाणी किती वाजता येते, शेजार कसा आहे, पावसाळ्यात भिंतीला ओल येते का, हे सारे विचारतो. घराला काही बाधा तर नाही ना, हेही कोणी कोणी हळूच विचारून घेतात. पण एखादा बंद पडलेला कारखाना शाळेसाठी, वसतिगृहासाठी किंवा मंगल कार्यालयासाठी घ्यायचा असला, म्हणजे मात्र दोनच प्रश्न विचारले जातात : जागा किती आणि भाडे किती. त्या इमारतीत इतकी वर्षे काय चालत होते, हा तिसरा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही. आज मला त्या तिसऱ्या प्रश्नाविषयीच चार शब्द सांगायचे आहेत.

तो प्रश्न मलाही आपणहून सुचला नव्हता. मी साक्रीला राहतो आणि कॉलेजात भूगोल शिकवतो. साक्री म्हणजे कान नदीच्या काठचे, सुरत-नागपूर हमरस्त्यावरचे तालुक्याचे गाव. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या जिल्ह्यातच दुसऱ्या एका गावी जुन्या जिनिंगची जागा बालवाडीसाठी घ्यायचे ठरवले आणि मला म्हणाले, "सर, एकदा पाहून तर घ्या." मी गेलो. जागा खरोखरच ऐसपैस होती. उंच पत्र्याचे छप्पर, लोखंडी कैच्या, जाड भिंती, पुढे निंबाची सावली. दोन मजूर तारेच्या ब्रशने खांबांवरचा जुना लाल रंग खरवडत होते आणि तांबडी भुकटी जमिनीवर पडत होती. राखणदाराची चार वर्षांची नात त्या भुकटीत बोटाने रेघोट्या ओढत बसली होती. राखणदार याच जिनिंगमध्ये पूर्वी फिटर होता. मी त्याला सहज विचारले, इथे धूळ फार असेल नाही? तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "मास्तर, रूळना भुगा नाकमा जाये, डोयामा जाये. दिनभर तोच."

रुळांचा भुगा आणि खांबांचा लाल रंग, या दोन्हींत काय असते हे घरी आल्यावर मी पुस्तके काढून वाचले, रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांना निरोप धाडला, की खरवडणे आधी थांबवा.

लाल रंगाचे पहिल्यांदा सांगतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. मारुतीला आपण जो शेंदूर लावतो, तो मूळचा शिशाचा ऑक्साइड. लोखंड गंजू नये म्हणून कारखान्यांच्या कैच्या, खांब, पूल, टाक्या यांना पहिला हात याच शेंदराचा देत असत. त्याने लोखंड टिकते, यात शंका नाही. जुना सफेदाही शिशाचाच असे, आणि पुष्कळशा पिवळ्या-नारिंगी रंगांत शिसे आणि क्रोमियम दोन्ही असत. रंग भिंतीला घट्ट चिकटून आहे तोवर तो फारसा कोणाच्या वाटेला जात नाही. तो सुटू लागला, त्याचे पोपडे निघाले, किंवा कोणी तो कोरडा खरवडला, की त्याची धूळ होते. मुले जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, आणि ते शिसे पोटात जाते. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी चार ते पाचपट अधिक शोषून घेते. त्याचा घाव पडतो वाढत्या मेंदूवर, आणि शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना आज मानत नाही.

ही काही आजकालची ओरड नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरांनी १९०४ सालीच दाखवून दिले होते, की तिथल्या मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ घरांच्या व्हरांड्यातील कठड्यांच्या आणि भिंतींच्या रंगात आहे. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्याआधी लागलेला रंग नियम निघाला म्हणून भिंतीवरून उतरून जात नाही. शिवाय कारखान्यांसाठीचे रंग त्या नियमाच्या बाहेरच राहिले.

आता रुळांचा भुगा. आपला खानदेश कापसाचा. धरणगावला १८५५ सालीच सरकी काढण्याची सरकारी यंत्रे बसली होती. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्यानंतरच्या दशकांत गावोगाव जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. आपल्याकडे चालते ती बहुतेक रुळांची जिनिंग. चामड्याच्या गोल चकत्या एका दांड्यावर दाबून ओवतात, त्याचा रूळ होतो. हा रूळ स्थिर पात्याला घासत फिरतो, रुई ओढून नेतो, आणि दुसरे हलते पाते सरकी झाडून टाकते. घासून घासून रूळ गुळगुळीत झाला, की त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. म्हणजे चामड्याचा भुगा रोजच पडायचा.

हे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. अशा चामड्याच्या रुळांत दर किलोमागे १८ ते ३० ग्रॅम क्रोमियम आढळते. मुंबईला माटुंग्यात कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९२४ साली ती एक प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. या संस्थेने या क्रोमच्या भुग्याचा प्रश्न हाती घेऊन रबर आणि सुती कापडाच्या थरांचे, क्रोमविरहित असे रूळ तयार केले. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. क्रोमियमची दोन रूपे आहेत. चामड्यात बहुतांशी त्रिसंयुजी रूप असते, ते तुलनेने सौम्य. पण घर्षणाच्या उष्णतेने त्याचा काही अंश षट्संयुजी होऊ शकतो, आणि हे दुसरे रूप जहाल आहे. ते कातडीवर खोल व्रण पाडते, नाकाच्या पडद्याला भोक पाडते, आणि वर्षानुवर्षे श्वासावाटे जात राहिले तर फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होते.

जी गोष्ट जिनिंगची, तीच इतर धंद्यांची. प्रत्येक धंदा आपापली धातू मागे ठेवून जातो. कापड गिरणीच्या रंगखात्यात रंग पक्का करायला बायक्रोमेट वापरीत, ते षट्संयुजी क्रोमियमच. बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये शिसे. मुलामा देण्याच्या दुकानात निकेल, क्रोमियम, कॅडमियम. जुन्या वीजघरात आणि बॉयलरखात्यात दाब-उष्णता मोजण्याच्या नळ्यांतला पारा. बंद पडलेला साखर कारखाना पाहायला आम्हा साक्रीकरांना लांब जावे लागत नाही. पण साखर कारखान्यात कसली आली विषारी धातू, असे कोणीही म्हणेल. तर ऐका : उसाच्या रसात साखर किती, हे यंत्राने पाहायचे तर रस आधी नितळ करावा लागतो, आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळांत शिशाचा क्षार वापरला गेला. नमुन्यामागे चिमूटभर, पण हंगामभर दिवसरात्र नमुने. तो गाळ जिथे फेकला जाई ती मोरी आणि तिच्या बाहेरची माती, यांच्याकडे संशयाने पाहिले पाहिजे.

एवढे वाचून आपण म्हणाल, मग काय, सगळ्या जुन्या इमारती पाडायच्या? नाही हो. धातू आहे म्हणजे धोका आहेच, असे नसते. धोका व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : धातू, तिची वाट आणि वाटेच्या टोकाला असलेला माणूस. रंग घट्ट आहे आणि आत फक्त सिमेंटच्या गोण्या ठेवायच्या आहेत, तर वाटही नाही आणि मूलही नाही. तोच रंग सुटतो आहे आणि खाली तीस मुले डबे खायला बसणार आहेत, तर तिन्ही जुळले. इमारत तीच, निर्णय निराळा.

वाट कळली नाही तर काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील फ्रँकलिन या वस्तीत थर्मामीटर बनवण्याचा एक कारखाना १९९४ साली बंद झाला. पुढे २००४ साली त्याच इमारतीत लहान मुलांचे पाळणाघर सुरू झाले. इमारत झाडून-पुसून, रंगवून स्वच्छ दिसत होती. पण पारा लाकडात आणि फटीत मुरलेला होता, आणि पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. २००६ च्या जुलैत सरकारी तपासनीसांनी हवा मोजली, तेव्हा पाळणाघर बंद करावे लागले. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या शरीरात पाऱ्याचे प्रमाण वाढलेले निघाले.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. तामिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरावर १९८३-८४ च्या सुमारास थर्मामीटरचा कारखाना आला, तोही अमेरिकेत चालत असलेला कारखाना उचलून आणलेला. पुढे तो हिंदुस्थान लिव्हरकडे आला. २००१ च्या मार्चमध्ये गावातल्या एका भंगाराच्या दुकानात पारा लागलेली साडेसात टनांच्या आसपास फुटकी काच सापडली आणि कारखाना बंद झाला. २००३ साली पाऱ्याचा जवळपास ३०० टन कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. मातीत दर किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत पारा राहू द्यायचा की याहून कमी, यावर त्यानंतर वर्षानुवर्षे वाद चालला. माजी कामगारांपैकी ५९१ जणांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. बंद पडलेल्या कारखान्याचे खाते असे सहजी मिटत नाही.

तेव्हा इमारत तपासायची कशी? यात फार मोठी विद्या नाही, पण क्रम पाळावा लागतो. विचारा, पाहा, मोजा आणि मग ठरवा. आपल्याकडे चूक होते ती अशी, की आपण पाचवीच गोष्ट सर्वांआधी करतो. आधी झाडू मारतो, रंग खरवडतो, चुना लावतो. त्यामुळे जी धातू एका जागी निपचित पडलेली असते, ती साऱ्या इमारतीत पसरते.

पहिली पायरी, विचारा. इमारतीचे चरित्र गोळा करा. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वह्या, सिटी सर्व्हेचा उतारा, कारखान्याचा जुना परवाना, यांतून धंदा कोणता आणि कधी बदलला ते कळते. जिनिंग बंद पडल्यावर तिथे बॅटरीचे दुकान होते का, कीटकनाशकांचे गोदाम होते का, हे कागदावर सापडते. आणि जे कागदावर नसते ते जुन्या माणसांना ठाऊक असते. फिटर, ऑइलमन, मुकादम, हमाल यांना बसवून चहा पाजा आणि विचारा : रूळ कुठे घासत होता? रंगाचे डबे कुठे असत? कचरा कुठे टाकत होता? अर्ध्या तासात जे कळते ते यंत्राला आठ दिवसांत कळणार नाही.

दुसरी पायरी, पाहा. हातात झाडू न घेता, नाकातोंडाला चांगला मास्क लावून इमारत फिरा. जमीन झाडलेली असते, म्हणून ती फारसे सांगत नाही. बोलतात त्या जागा वेगळ्या : कैच्यांचा वरचा भाग, खिडक्यांच्या पट्ट्या, यंत्रांचे चौथरे, फरशीच्या फटी, मोऱ्या, आणि पागोळ्यांखालची माती, कारण पावसाने धुतलेले रंगाचे पोपडे तिथे साचतात. पिवळे-नारिंगी डाग दिसले तर क्रोमचा संशय, फटीत चंदेरी मणी दिसले तर पाऱ्याचा. हे सारे एका साध्या नकाशावर मांडा.

या दोन पायऱ्यांना पैसे लागत नाहीत, हे मुद्दाम सांगतो. गरीब संस्थेलाही त्या चढता येतात, आणि पुष्कळदा निर्णय तिथेच होऊन जातो.

तिसरी पायरी, मोजा. इथे जाणकार आणि प्रयोगशाळा हवी. एक फूट लांब आणि एक फूट रुंद एवढी जागा आखून ओल्या कपड्याने पुसतात आणि त्या पुसण्यात धातू किती ते काढतात. रंगाचा तुकडा लाकडा-लोखंडापर्यंत खोल काढतात, कारण वरचा थर नवा आणि खालचा जुना असतो. मातीचा नमुना वरच्या बोटभर थराचा वेगळा आणि खालचा वेगळा घेतात. क्ष-किरणांचे हातात धरायचे एक यंत्र निघाले आहे, ते रंगावर टेकवले की काही सेकंदांत शिसे, क्रोमियम यांचे प्रमाण दाखवते. पण क्रोमियम सौम्य की जहाल, हे त्याला ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते. पाऱ्याची हवा मोजायची तर ती थंडीत पहाटे मोजू नये. २० अंशांपेक्षा ४० अंशांना पाऱ्याच्या वाफेचा जोर सुमारे पाचपट होतो, आणि आपल्या वैशाखात पत्र्याखाली ४० अंश ही काही नवलाई नव्हे. दारे लावून, तापल्या दुपारी मोजावे.

आणखी एक खुबी मला भूगोलाचा मास्तर म्हणून सांगितली पाहिजे. आपली काळी माती बसाल्टाच्या दगडापासून झाली आहे आणि त्या दगडात क्रोमियम, निकेल, तांबे निसर्गतःच असतात. तेव्हा कारखान्याच्या आवारात क्रोमियम सापडले म्हणून लगेच ओरड करू नये. त्याच गावच्या, कारखान्यापासून दूर असलेल्या शेतातल्या मातीचा नमुना सोबत पाठवावा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, म्हणजे निसर्गाचे किती आणि माणसाचे किती, याचा हिशोब लागतो. तुलनेचा नमुना न घेता केलेली तपासणी म्हणजे एकाच पारड्याचा तराजू.

चौथी पायरी, ठरवा. इथे तीन मार्ग असतात : धातू काढून टाकणे, ती पक्की झाकून टाकणे, किंवा त्या भागाचा वापरच बदलणे. काढायची तर ओली करून, माणसांच्या अंगावर वेगळे कपडे आणि तोंडाला योग्य मास्क देऊन. ते कपडे मजुराने घरी नेता कामा नयेत, नाहीतर धूळ त्याच्या पोरांपर्यंत पोचते. रंग दिव्याने जाळू नये, कोरडा घासू नये. निघालेला कचरा घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अधिकृत ठिकाणीच जायला हवा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. तो उकिरड्यावर किंवा भंगारवाल्याकडे गेला, तर आपण आपला धोका दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकला, एवढेच. २०२५ साली केंद्र सरकारने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियमही केले आहेत. संशयित जागेची आधी नोंद, मग प्राथमिक तपासणी आणि गरजेप्रमाणे सविस्तर तपासणी, असा त्यांचा क्रम आहे. शंका वाटली तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे. आणि सफाईनंतर पुन्हा मोजल्याशिवाय काम पुरे झाले, असे समजू नये. डोळ्यांना स्वच्छ दिसणे आणि स्वच्छ असणे यांत फरक आहे.

आमच्या त्या जिनिंगचे काय झाले, असे आपण विचाराल. गृहस्थ पहिल्यांदा माझ्यावर रागावले. रंगाऱ्याला विसार दिलेला, उद्‌घाटनाची तारीख ठरलेली. पण त्यांनी ऐकले, हे त्यांचे मोठेपण. नमुने गेले. खांबांच्या रंगात शिसे भरपूर निघाले, कैच्यांवरच्या धुळीत क्रोमियम गावच्या मातीहून कितीतरी अधिक निघाले. हिशेबनिसाची जुनी कचेरी आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती, तिथे मात्र तसे काही निघाले नाही. बालवाडी त्या कचेरीत भरते. खोल्या लहान आहेत, गाणी म्हणताना मुले दाटीवाटीने बसतात, पण बसतात निर्धास्त. मोठ्या हॉलला कुलूप आहे, आणि पडलेली भुकटी ओल्या कापडाने टिपून बंद डब्यांत भरून रीतसर पाठवली आहे.

राखणदाराच्या नातीला मात्र आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून आणले. शिसे निघाले, फार नव्हे, पण निघाले. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून दूर ठेवा, जेवणाआधी हात धुवा, खाण्यात लोह आणि दूध असू द्या, तीन महिन्यांनी पुन्हा या. दुसऱ्या खेपेला प्रमाण उतरले होते. ज्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिले, त्या दिवशी खरवडायला सुरुवात होऊन दोन दिवस झाले होते. मी महिनाभराने गेलो असतो, तर तोवर ते दोघे मजूर सारे खांब उघडे करून मोकळे झाले असते.

मुंबईला लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज बाजार गजबजला आहे. आपल्या तालुक्यांच्या गावांतूनही बंद जिनिंग, बंद गिरण्या यांच्या जागा एकेक करून लोकवापरात येत आहेत आणि ते योग्यच आहे. जाड भिंतींच्या त्या वास्तू फुकट पडून राहू नयेत. फक्त कुलूप उघडल्यावर झाडू शोधण्याआधी एखादा जुना कामगार शोधा. त्याला तिसरा प्रश्न विचारा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत लहान मुलाला आत नेऊ नका.